ढग रस्ता ओलांडून गेला

स्टॅनमोर
२१ मार्च २००७

प्रिय वरदा,

आशीर्वाद. रागावलेली आहे, तरी आशीर्वाद.

पाडव्याला फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नव्हतो, म्हणून हे पत्र. पत्रात निदान मध्येच तोंड घालता येत नाही. तू म्हणालीस, "आई, तुम्हीच त्याला डोक्यावर बसवून ठेवलंय." असेल बाई. एकुलता एक आहे, आणि त्याचे बाबा गेल्यापासून माझ्या डोक्यावर बसायला दुसरं कोणी उरलेलं नाही. पण वादळांमागे धावण्याचं हे वेड माझ्या लाडांमुळे लागलेलं नाही. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात इथे ते मोठं वादळ आलं होतं. आमच्या गल्लीतली झाडं उन्मळून पडत होती, सगळी मुलं आयांना बिलगलेली आणि आमचा यतीन खिडकीत उभा. म्हणत होता, "मम्, अजून एक पडू दे." तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. लोक ईस्टरला कॉर्नवॉलला जातात, हा मार्च संपत आला की टेक्सासला जातो. तुझ्याशी लग्न व्हायच्या आधीपासून जातोय.

आता जे फोनवर सांगायचं राहिलं ते सांगते. यंदा मी त्याला मदत करते आहे. हत्तीच्या पोटाखाली उभं राहिल्यावर हत्ती दिसतो का? तसंच या ढगांचं आहे. ते म्हणे दहा-दहा मैल रुंद असतात आणि त्या माळरानावर गाडीत इंटरनेट मिळत नाही. म्हणून घरी बसलेल्या कोणीतरी कॉम्प्युटरवर रडारचं चित्र पाहायचं आणि फोनवर सांगायचं, ढग कुठे आहे, कुठे चाललाय, कुठला रस्ता मोकळा आहे. या लोकांत ही रीतच आहे. इतकी वर्षं हे काम त्याचा एक अमेरिकन मित्र करायचा, पण त्याच्या बायकोला जुळं झालं. मग यतीन म्हणाला, "आई, तू कर ना. तू आयुष्यभर एक्स-रे पाहिला आहेस."

खरंच, फार वेगळं नाही गं. हिरवं म्हणजे पाऊस, लाल म्हणजे गारा. लालच्या खालच्या टोकाला मासे पकडायच्या गळासारखं वाकलेलं काही दिसलं की समजायचं, हा गरगर फिरणारा ढग. त्याला सुपरसेल म्हणतात आणि त्याच टोकातून टोर्नेडो उतरतो. चित्राच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते. जगातली सगळी हवामानखाती ग्रिनिचची वेळ वापरतात. ग्रिनिच म्हणजे आपलंच की! अमेरिकेतल्या माणसाला बोटं मोजावी लागतात, मला फक्त स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे मान वळवायची. रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं, आता माझा मुलगा रोज विचारतो.

काळजी करू नकोस. भाड्याची मोठी गाडी आहे, दोघंच आहेत, आणि चालवायला ईलिंगचा मिलिंद आहे. जबाबदार मुलगा आहे. रविवारी आला की माझ्या हातची आमटी तीन वाट्या पितो.

तुझी,
आई


रीडिंग
२३ मार्च २००७

ती. आईंना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र दारातच उघडलं आणि कोटसुद्धा न काढता दोनदा वाचलं. "दोघंच आहेत"? मला यतीनने सांगितलंय की टूर कंपनी आहे, बारा माणसांची व्हॅन आहे, वीस वर्षांचा अनुभव असलेला गाइड आहे आणि ढगापासून पाच मैलांच्या आत ते कोणाला नेत नाहीत. मी त्या कंपनीची वेबसाईटसुद्धा पाहिली होती. त्यानेच दाखवली होती.

तुम्ही मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. तुम्हाला वाटलं मला माहीत आहे. तो आपल्या दोघींना वेगवेगळं सांगतो आणि आपण दोघी भांडत असल्यामुळे त्याचं फावतं.

आई, आमच्या ऑफिसात बँकेच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची असेल तरी चौघांनी तपासल्याशिवाय कोणी बटण दाबत नाही. इथे तुमच्या एका शब्दावर गाडी वळते. तुम्हाला भीती वाटत नाही? मला वाटते. तुमची नाही, त्या शब्दाची.

माझी एकच विनंती आहे. फोन उचलू नका. वाजू दे, उचलू नका. सांगणारं कोणी नसेल तर ते ढगाच्या जवळ जाणार नाहीत, लांबूनच फोटो काढून परत येतील. माझं तो ऐकत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली. गॅस बंद केलास का, खिडकी लावलीस का, एवढ्यापुरतंच माझं चालतं. तुमचं चालेल. मी हात जोडते.

तुमची,
वरदा


स्टॅनमोर
२७ मार्च २००७

प्रिय वरदा,

तुझ्याशी खोटं बोलल्याबद्दल मी त्याला चांगलं झापलं. तर म्हणतो, "आई, वरदाला सांगितला असता तर तो रडला असता." त्याचं मराठी आणि त्याची अक्कल, दोन्ही शाळेत असल्यापासून आहेत तिथेच आहेत.

पण फोन न उचलण्याचं माझ्याच्याने होणार नाही. मी उचलला नाही तर तो थांबेल असं तुला वाटतं? तुला अजून नवरा कळला नाही, वरदा. तो न विचारता जाईल. डोळे मिटून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा हात, तो आगाऊ आहे म्हणून आपण सोडतो का? मी फोनवर आहे म्हणून तर मला झोप लागते.

आणि मी काही अडाणीपणा करत नाही. रविवारी आपण घड्याळं तासभर पुढे केली ना, ओव्हनवरचं मला जमत नाही, शेजारची वैजयंती येऊन करून गेली. काल सोमवारी यतीनचा फोन आला, छोटासाच ढग होता, त्यांनी लांबूनच पाहिला. पण त्या रडारच्या वेबसाईटचं काहीतरी बिघडलंय. शनिवारपर्यंत चित्र घड्याळाशी बरोबर जुळत होतं, आता तासभर जुनं येतंय. दुसरी कोणी असती तर हात टेकले असते. मी काय केलं, ढग कुठल्या दिशेने किती वेगाने सरकतोय ते पाहिलं आणि पट्टीने मोजून तो एका तासाने जिथे असेल ती जागा सांगितली. आमच्या हॉस्पिटलात जुन्या मशीनवरच्या धूसर फिल्म मीच वाचायचे. यतीनला मुद्दाम बोलले नाही. चित्र जुनं आहे म्हटलं की तो चलबिचल करेल आणि काहीतरी आततायीपणा करून बसेल.

उद्या मोठा दिवस आहे म्हणाला. उद्याचं झालं की लगेच तुला कळवते. तू आता राग सोड आणि रविवारी जेवायला ये. पुरण शिल्लक आहे, फ्रीझरमध्ये ठेवलंय.

आई


टेक्सास
४ एप्रिल २००७

ती. आईंना,
सा. नमस्कार.

हॉस्पिटलातल्या बाकावर बसून लिहिते आहे. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून मी रोज वैजयंतीताईंना बातमी देते. त्या म्हणाल्या, फोन वाजला की तुम्ही उठून खोलीबाहेर जाता. त्याची त्या दिवशीची शेवटची हाक त्याच फोनवर होती, मी समजू शकते. म्हणून जे त्यांच्या तोंडून सांगवत नाही ते इथे लिहिते.

यतीन अजून शुद्धीवर आलेला नाही. श्वास आता आपला आपण घेतो. डॉक्टर म्हणतात ही चांगली खूण आहे, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. डावा डोळा गेला, आई. वाचवायचा प्रयत्न केला, पण काच फार आत गेली होती. मी हे वाक्य तीन दिवस लिहायचं टाळत होते.

संत्र्याएवढ्या गारा होत्या. समोरची काच पहिल्या काही गारांतच फुटली, नंतर वाऱ्याने गाडी उचलून रस्त्याखालच्या चरात उलटी टाकली. टोर्नेडो त्यांच्या अंगावरून गेला नाही, बाजूने गेला. नुसत्या बाजूने जाण्याने एवढं झालं. मिलिंदचा उजवा खांदा आणि हात मोडलाय. तो त्याच अवस्थेत उलट्या गाडीतून बाहेर आला आणि मैलभर चालत जाऊन माणसं घेऊन आला.

कंपनीने मागे कामासाठी माझा अमेरिकेचा व्हिसा काढला होता म्हणून मी दुसऱ्याच दिवशी निघू शकले. तुमचं विमानतळावरून परत जाणं वैजयंतीताईंनी सांगितलं. मी इथे आहे. त्याच्या कानाशी तुमचं नाव घेते. काल बोट हललं, किंवा मला तसं वाटलं.

वरदा


स्टॅनमोर
१२ एप्रिल २००७

प्रिय वरदा,

शुद्धीवर आला! वैजयंती पळत आली आणि दोघी जिन्यातच बसून रडलो. "आई कुठे?" असं विचारलं म्हणालीस. आई इथे आहे रे बाबा. आईला येऊ देत नाहीत.

पस्तीस वर्षं या देशात राहिले, नोकरी केली, टॅक्स भरला, पण पासपोर्ट भारताचाच ठेवला. हे म्हणायचे, "देवयानी, बदलून घे, सोयीचं पडेल." मी म्हणायचे, मी मेल्यावर बदला. आता भोगते आहे. वकिलातीने व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मेअखेरची दिली. मुलगा हॉस्पिटलात आहे म्हणून सांगितलं, पत्रं दाखवली. काउंटरवरचा माणूस फार सभ्यपणे म्हणाला की त्यांना वाईट वाटतं. सभ्य माणसांपुढे डोकं आपटता येत नाही.

आता एक विचारते. मिलिंदने गाडी कुठे घातली? मी स्पष्ट सांगितलं होतं. यतीन म्हणाला, "आई, आम्ही मेन रोडवर आहे, खाली साउथला जाऊ का?" मी चित्र पाहिलं, पट्टीने मोजलं आणि म्हटलं, "ढग रस्ता ओलांडून ईशान्येला गेला. दक्षिण मोकळी आहे, जा." त्याने परत विचारलं, "शुअर?" मी म्हटलं, शुअर. मग ढग गेलेल्या रस्त्यावर त्यांच्या अंगावर आलं ते काय? मिलिंदने ऐकलं नसणार. दुसऱ्याच रस्त्याला लागला असणार. मोठा धाडसी! हात मोडला त्याचा, जोडला जाईल. माझ्या मुलाचा डोळा कुठून जोडायचा?

त्याचं तोंड मला पाहायचं नाही. त्याला सांग, माझ्या दारात येऊ नकोस. आणि त्या वेबसाईटवाल्यांनाही मी तक्रार लिहिणार आहे. लोकांचे जीव टांगलेले असताना तासभर जुनी चित्रं दाखवतात म्हणजे काय!

आई


ईलिंग
२५ एप्रिल २००७

वरदा,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तू विमानात वाचलेलं, "चित्र तासभर जुनं येतंय" असं लिहिलेलं काकूंचं पत्र मला वाचून दाखवलंस तेव्हापासून डोक्यात तेच होतं. तू विचारलंस की आम्ही दुसऱ्या रस्त्याला लागलो होतो का. नाही. काकूंनी सांगितला त्याच रस्त्याने आम्ही गेलो. इथे आल्यावर मी त्या दिवसाची रडारची सगळी चित्रं परत काढून पाहिली. चित्रं जुनी नव्हती, वरदा. अगदी ताजी होती.

रडारवरची ग्रिनिचची वेळ कधीच बदलत नाही. हिवाळ्यात ती आपल्या घड्याळाशी जुळते, म्हणून काकूंना सवय झाली. त्या रविवारी आपण इंग्लंडमध्ये घड्याळं पुढे केली आणि ग्रिनिच जागेवरच राहिलं. काकूंच्या घड्याळात साडेदहा, चित्रावर साडेनऊ. त्यांना वाटलं चित्र तासभर मागचं आहे, म्हणून त्यांनी ढग तासभर पुढे ढकलला. ढग तेव्हा रस्त्याच्या अलीकडेच होता आणि आमच्याकडे येत होता. अमेरिकेत बसलेला माणूस ही चूक करूच शकत नाही, तो रोजच वजाबाकी करतो.

आता माझं ऐक. समोर काळी भिंत मला दिसत होती. मी यतीनला म्हटलं, "अरे, हे काय आहे?" तो म्हणाला, "आई बोलली मोठा गेला. हा मागचा छोटा असेल." आणि मी ऍक्सिलरेटर दाबला. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. तेव्हा काकू मला बोलतात त्यात फार काही चुकत नाही.

त्यांना सांगू नकोस. त्यांना सांगून यतीनचा डोळा येणार आहे का? माझ्यावर राग काढून त्यांचा दिवस जात असेल तर जाऊ दे. मला वाईट एवढंच वाटतं की मी इथे एकटा असतो आणि रविवार मोठा वाटतो.

मिलिंद


टेक्सास
१० मे २००७

ती. आईंना,
सा. नमस्कार.

पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन निघतो. तुमची मुलाखत मेअखेरची, तेव्हा आता तुम्हाला यायची गरजच उरणार नाही. चालतो, पण डाव्या बाजूच्या भिंतीला धडकतो. त्या आठवड्यातलं त्याला काही आठवत नाही आणि डॉक्टर म्हणाले आठवणारही नाही.

मिलिंदबद्दल तुम्ही विचारलंत. तिथे धूळ होती, पाऊस होता, कोणालाच काही दिसत नव्हतं, एवढंच मला कळलं. वेबसाईटवाल्यांना तक्रार लिहू नका. खरंच नका लिहू. तो घरी येतोय, आता कोणाशी कशाला भांडायचं? मिलिंदवरही थोडा राग कमी करा, आई. तो तुमच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलत नाही.

वरदा


स्टॅनमोर
३ फेब्रुवारी २००८

प्रिय वरदा,

काल यतीन एकटाच ट्रेनने आला होता, तुला माहीत असेलच. की नसेल? गेल्या वर्षापासून मी त्याच्या कुठल्याच गोष्टीत "वरदाला माहीत असेल" असं धरून चालत नाही, म्हणून लिहिते.

जेवला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, आणि मग म्हणाला, "आई, एप्रिलमध्ये परत जातो. तू रडारवर बसशील ना?"  मी म्हटलं, अरे, एक डोळा देऊन आलास, आता दुसरा नेऊन देणार का? तर हसला. म्हणाला, "यू आर द ओन्ली वन आय ट्रस्ट."

मी खूप बोलले. रडलेसुद्धा. त्याच्या बाबांची शपथ घातली. तो शांतपणे ताक पीत होता. त्याला थांबवणं माझ्या हातात नाही, वरदा, तुझ्याही नाही. मग उरतं काय? तो जाणार असेल तर निदान मी तरी बसलेली असावी. गेल्या वर्षी माझं सांगणं चोख होतं, मिलिंदने घात केला. यंदा मिलिंद नसेल. मी पट्टीऐवजी चांगला मोठा नकाशाच आणणार आहे. एप्रिलमध्ये चित्र पुन्हा उशिरा यायला लागलं तर मागच्यासारखंच पुढे मोजून सांगेन, आता हात बसलाय.

मनातलं सांगते. एवढं सगळं होऊनही मुलगा परत माझ्याचकडे आला, याचं बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं. तू परवानगी दे.

आई


रीडिंग
६ फेब्रुवारी २००८

ती. आईंना,
सा. नमस्कार.

हे पत्र वैजयंतीताईंना बोलावून त्यांच्याजवळ बसून वाचा.

चित्र जुनं नव्हतं. गेल्या वर्षी ज्या रविवारी आपण घड्याळं पुढे केली त्या दिवसापासून तुम्हाला ते जुनं दिसायला लागलं, कारण ग्रिनिचची वेळ पुढे जात नाही. आपलं घड्याळ सरकलं, ढग नाही. तुम्ही ढग तासभर पुढे मोजलात तेव्हा तो प्रत्यक्षात रस्त्याच्या अलीकडेच होता. मिलिंदने तुमचं ऐकलं होतं, आई. तुम्ही सांगितलेल्या रस्त्यानेच ते गेले.

मला हे एप्रिलपासून माहीत आहे, मिलिंदने शोधून काढलं. त्यानेच सांगू नको म्हटलं. तुम्ही त्याला दार बंद केलंत, त्याच्या आईला पुण्याला फोन करून नको नको ते बोललात, तरी तो गप्प राहिला. मीही राहिले. मी चांगुलपणाने गप्प राहिले असं समजू नका. तुम्ही कोसळलात तर यतीन आणि तुम्ही दोघं माझ्या एकटीच्या अंगावर याल, याची मला भीती होती.

मी आयुष्यभर सांगितलं नसतं. पण तुम्ही लिहिलंत की एप्रिलमध्ये परत तसंच मोजणार. ते वाचल्यावर मला न सांगून चालणार नव्हतं.

मला क्षमा करा.

वरदा


स्टॅनमोर
१९ फेब्रुवारी २००८

प्रिय वरदा,

तू रोज फोन करत होतीस, माझ्याने उचलवला नाही. राग नाही. तुझ्यावर तर नाहीच.

मुलाचा डोळा मी घालवला. हे वाक्य मी घरात मोठ्याने म्हणून पाहिलं. वैजयंती म्हणते, "कोणाचीही चूक झाली असती." कोणाचीही झाली नाही ना, माझी झाली. शनिवारपर्यंत बरोबर असलेलं सोमवारी एकाएकी चूक कसं होईल, एवढं मला सुचू नये? माझ्या हुशारीचा मला केवढा ताठा होता! तू लिहिलं होतंस, एका शब्दावर गाडी वळते म्हणून. मला वाटलं, कालची पोर मला शिकवते.

काल ईलिंगला गेले होते. माफी कशी मागायची ते ट्रेनमध्ये पाठ केलं होतं. मिलिंदने दार उघडलं आणि मला पहिलंच वाक्य आलं नाही. तो म्हणाला, "काकू, आत या, गारठा आहे." त्याच्या उजव्या हाताने अजून किटली उचलत नाही. मी म्हटलं, मी ओतते. मग आम्ही दोघं चहा प्यालो आणि इंग्रजांसारखे हवेबद्दल बोलत बसलो. निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या.  घरी येईपर्यंत मी रडत होते.

आता तू एक कर. यतीनला सगळं सांग. मला जमणार नाही, मी तोंड उघडलं की रडेन आणि तो "इट्स ओके, मम्" म्हणेल. त्याचा माझ्यावर भरवसा आहे म्हणून तो जातोय ना? कळू दे त्याला, तो कोणाच्या भरवशावर त्या रस्त्याला लागला होता. भरवसा तुटू दे. माझ्याशी बोलेनासा झाला तरी चालेल, पण घरी बसेल. माझ्या चुकीचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

आई


रीडिंग
२४ फेब्रुवारी २००८

ती. आईंना,
सा. नमस्कार.

सांगितलं. त्याला माहीत होतं.

"आय नो," म्हणाला. "जूनमध्येच कळला मला. आई सांगते तो वेळ आणि रडारचा लॉग जुळवून पाहिला ना मी." मी विचारलं, मग मिलिंदला इतके महिने बोलणी का खाऊ दिलीस? म्हणाला, "आईला वाईट वाटला असता." आम्ही चौघंही एकच गोष्ट एकमेकांपासून जपून ठेवत होतो, तुम्हाला सोडून तीनच म्हणा.

मग मी तुमचं म्हणणं सांगितलं, की आता तरी कळलं ना, आई चुकू शकते. त्यावर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. "म्हणूनच तर आई पाहिजे. दुसरा कोणी बसला तर नवीन चूक करेल. आईचा चूक होऊन गेला." आणि हे अगदी समजूतदारपणे म्हणाला, आई.

मी ओरडले, रडले, शेवटी ताट आपटलं. त्याने वाकून तुकडे उचलले. एक तुकडा डाव्या बाजूला होता, तो त्याला दिसला नाही, मी दाखवला. तिकीट काढलंय. मिलिंद नाही म्हणाला, त्यामुळे गाडी एकटाच चालवणार आहे. मी जाते म्हटलं तर म्हणतो, तू घाबरशील.

काय करायचं मला सुचत नाही. तुम्ही तरी नाही म्हणा. ठाम नाही म्हणा.

वरदा


स्टॅनमोर
२७ फेब्रुवारी २००८

प्रिय वरदा,

त्याला सांग, आईने नाही म्हटलंय. मी त्या खुर्चीत बसणार नाही, रडार उघडणार नाही, फोन उचलणार नाही. ब्रॉडबँड बंद करायला मी कालच कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीने कारण विचारलं, मी म्हटलं, म्हातारी झाले. तिने सांगितलं की नोटिशीची मुदत लागते, एप्रिलअखेरपर्यंत चालूच राहील. मी म्हटलं, राहू दे, मला काय करायचंय.

हे सगळं त्याला सांग. आई रडली नाही म्हणावं. आई शुद्धीवर आहे आणि तिचा निर्णय झाला आहे.

आणि गाडी चालवताना त्याला डावीकडचं दिसत नाही, तेव्हा वळण्याआधी मान पुरती वळवायची, नुसता आरसा पाहून भागायचं नाही, हे तू तुझं म्हणून सांग. माझं नाव घेऊ नकोस.

कुठल्या तारखेला निघतोय, तेवढं मला कळव.

आई